टाचेवरचे शंभर थर

हरमलच्या किनाऱ्यावर रापण ओढणाऱ्याची टाच आणि त्याचीच पापणी. दोन्हींकडच्या पेशींत जनुकांचा संच एकच: तीनशे कोटी अक्षरे, सुमारे वीस हजार जनुके. तरी पापणीची बाह्यत्वचा जेमतेम ०.०५ मिलिमीटर आणि तळपायाची १.५, म्हणजे तीसपट जाड. टाचेवर नुसत्या मृत पेशींचेच थर शंभराच्या घरात जातात. कोणत्या पेशीने कोणते प्रथिन कधी बनवायचे, यावर हे सारे ठरते. केराटिन ९ हे प्रथिन तर तळहात आणि तळपाय सोडून सहसा कुठे बनतच नाही.

मोठ्या माणसाची त्वचा साधारण १.८ चौरस मीटर. वरच्या मृत थरातल्या एका पेशीचे क्षेत्रफळ चौरस मिलिमीटरचा हजारावा भाग. ढोबळ हिशेबाने एका थरात १८० कोटी पेशी, आणि दिवसाला साधारण एक थर गळतो. आठवडाभरात एका माणसाच्या अंगावरून जगाच्या लोकसंख्येहून जास्त पेशी झडतात. आपल्याला पत्ताही लागत नाही!

यातली प्रत्येक पेशी तळच्या थरात जन्मते, तेव्हा तिच्यात केराटिन ५ आणि १४ चे तंतू असतात. एका केसाच्या जाडीत असे सात हजार तंतू शेजारी शेजारी मावतील. पेशी वर सरकली की ही जोडी मागे पडते आणि केराटिन १ व १० पुढे येतात. ५ आणि १४ ची जोडी केवळ आधारापुरती आहे का, हे खारघरच्या ‘ॲक्ट्रेक’ या कर्करोग संशोधन केंद्रात मिलिंद वैद्य आणि सहकाऱ्यांनी तपासले. २०११ च्या त्यांच्या शोधनिबंधात केराटिन १४ दाबताच पेशींचे विभाजन मंदावले आणि केराटिन १ वाढले. तोंडाच्या कर्करोगाच्या पेशींची गाठ धरण्याची ताकदही घटली. मला हे फार मोलाचे वाटते: ज्याला आपण निव्वळ खांब समजत होतो, तो पेशीने वाढायचे की पिकायचे यातही बोलतो.

त्वचेची ही घडण बिघडायला जनुकातली चूक किती लहान पुरते? त्वचेतल्या फिलाग्रिन या प्रथिनाचे मूळ रूप ४०६१ अमिनो आम्लांचे. डंडीच्या संशोधकांनी २००६ मध्ये दाखवले, की त्याच्या जनुकातले एक ठरावीक अक्षर बदलले की साखळी ५०१ व्या जागीच तुटते. त्वचा कोरडी, खवलेदार होते, आणि इसबाचा धोका वाढतो.

सोरायसिसमध्ये वेळापत्रकच कोलमडते. तळापासून पृष्ठभागावर यायला जिथे सुमारे महिना लागायचा, तिथे पेशी तीन-चार दिवसांत येते, केंद्रक तसेच घेऊन. केराटिन ६ आणि १६ भलत्या जागी उमटतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१६ च्या अहवालानुसार जगात किमान दहा कोटी लोकांना हा आजार आहे. त्यांच्या ताटाला, टॉवेलला हात लावायला माणसे आजही कचरतात, हे पाहून जीव तुटतो. त्यांच्या अंगावरून कितीही कोंडा गळो, सोरायसिस स्पर्शाने कुणालाच होत नाही.