सबसिडीचा जुना आकडा विसरा

‘पहिलंच घर ना? मग सरकारचे २ लाख ६७ हजार येतीलच की!’ फ्लॅट दाखवणारे एजंट आजही हे छातीठोकपणे सांगतात. आकडा खरा होता, पण २०१५ च्या पंतप्रधान आवास योजनेतला. त्यातली व्याजाची सबसिडी मध्यम उत्पन्न गटासाठी मार्च २०२१ मध्ये आणि त्याखालच्या गटांसाठी मार्च २०२२ मध्ये बंद झाली. १ सप्टेंबर २०२४ पासून शहरी योजनेचा दुसरा टप्पा सुरू आहे. त्यात मिळतात जास्तीत जास्त १ लाख ८० हजार.

तेही हातात नाही. पाच वार्षिक हप्त्यांत, थेट कर्जखात्यात. म्हणजे ‘सबसिडीतून डाउन पेमेंट भागवू’ हा हिशेब मुळातच बसत नाही. आणखी एक अट सहसा कुणी सांगत नाही: हप्ता जमा होताना कर्ज चालू हवं आणि निम्म्याहून अधिक मुद्दल फेडायचं बाकी हवं. कर्ज लवकर फेडण्याची घाई असेल, तर उरलेल्या हप्त्यांवर पाणी सोडावं लागेल.

व्याजातली ४ टक्के सवलतही सगळ्या कर्जावर नसते. ती पहिल्या ८ लाखांवर, १२ वर्षांपर्यंत. कर्ज २५ लाखांपर्यंतच आणि घराची किंमत ३५ लाखांच्या आत हवी. मुंबई-पुण्यातले बरेचसे इच्छुक इथेच गळतात.

उत्पन्नाची मर्यादा वर्षाला ९ लाख, पण अख्ख्या कुटुंबाची. नवरा-बायको प्रत्येकी महिना ४० हजार कमावत असतील, तर बेरीज ९ लाख ६० हजार होते आणि दोघंही बाहेर.

सर्वांत मोठा घोळ ‘पहिलं घर’ या अटीचा. तुम्ही याआधी घर विकत घेतलंय का, एवढंच पाहत नाहीत. पती, पत्नी, अविवाहित मुलं यांपैकी कुणाच्याही नावावर देशात कुठेही पक्कं घर नको. गावच्या नमुना ८ वर, म्हणजे ग्रामपंचायतीच्या घरपट्टीच्या नोंदीत, तुमच्या नावे पक्कं घर लागलं असेल, तर संपलंच. लग्न झालेल्या मुलाला वडिलांच्या घराची मात्र आडकाठी नाही, कारण योजनेतल्या कुटुंबाच्या व्याख्येत आईवडील येत नाहीत. गेल्या २० वर्षांत दुसऱ्या सरकारी घरकुल योजनेचा लाभ घेतला असेल, तरी अर्ज बाद.

सबसिडी मिळो न मिळो, महाराष्ट्रात घर फक्त स्त्रीच्या नावावर घेतलं, तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत मिळते. ती राज्य सरकारची, या योजनेशी तिचा संबंध नाही. ३० लाखांच्या घरावर तिचे ३० हजार होतात आणि ते दस्त नोंदवतानाच वाचतात.