दगड पडण्यापूर्वी

यंत्रमागांच्या भिवंडीची दंगलीशी जुनी ओळख. ७ मे १९७० रोजी शिवजयंतीच्या मिरवणुकीत ठिणगी पडली. जळगाव आणि महाडमध्येही हिंसाचार झाला आणि चौकशीसाठी न्या. डी. पी. मादन यांचा आयोग नेमावा लागला. मे १९८४ मध्ये शहर पुन्हा पेटले, आग ठाणे-मुंबईपर्यंत गेली. पण १९९२-९३ च्या हिवाळ्यात मुंबईत माणसे मरत असताना भिवंडी शांत राहिली. आणि जुलै २००६ मध्ये याच शहरात जमावाने दोन पोलीस शिपायांना ठार मारले. दंगलीत पोलिसाचा जीव कशाने वाचतो, हे समजून घ्यायला या एका गावाचा इतिहास पुरेसा बोलका आहे.

समिती आणि तिचे आयुष्य

१९८८ मध्ये सुरेश खोपडे पोलीस उपायुक्त म्हणून भिवंडीत आले. शांतता समित्या आपल्याकडे नव्या नव्हत्या. पण त्यांत बहुधा पुढारी बसत, सण जवळ आला की बैठक होई आणि सण सरला की समितीही सरे. खोपडे यांनी मोहल्ला समित्या बांधल्या त्या साध्या माणसांच्या. हिंदू आणि मुस्लिम अशा दोन्ही समाजांचे लोक समसमान, बैठका नेमाने, आणि जबाबदारी पोलीस ठाण्यातल्या कनिष्ठ अधिकाऱ्यांकडे. त्यामुळे गल्लीला पोलिसाचा चेहरा कळला आणि पोलिसाला गल्लीतली घरे. अफवा उठली की ती खरी की खोटी हे विचारायला दोन्हीकडे ओळखीचा माणूस होता. नंतरच्या अधिकाऱ्यांनीही ही रीत चालू ठेवली आणि डिसेंबर १९९२ मध्ये तिचे फळ दिसले.

५ जुलै २००६ रोजी कब्रस्तानालगतच्या जागेवर पोलीस ठाणे बांधण्याच्या वादातून दगडफेक सुरू झाली. पोलिसांच्या गोळीबारात दोघे मरण पावले आणि मग दोन शिपायांचा बळी गेला. वाद पोलिसांच्याच इमारतीचा होता, म्हणजे ज्याने मध्यस्थी करायची तो पोलीसच यावेळी एक पक्ष झाला होता. मोहल्ल्याशी जोडलेले नाते कायमचे नसते, ते दर बदलीनंतर नव्याने जोडावे लागते. आणि ते तुटले की त्याची किंमत प्रथम रस्त्यावर उभा असलेला शिपाई मोजतो.

काठी आणि रायफल यांच्या मधले

१९९२-९३ च्या मुंबईच्या दंगलींत ९०० माणसे मेली, अशी नोंद त्यांची चौकशी करणाऱ्या श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालात आहे. त्यांपैकी ३५६ मृत्यू पोलीस गोळीबारात झाले. पोलिसांच्या पक्षपातावर आयोगाने कठोर ताशेरे ओढले आणि ते या आकड्यापासून वेगळे काढता येत नाहीत. पण साधनांचा प्रश्नही तिथेच आहे. एका हातात काठी, दुसऱ्या हातात .३०३ रायफल आणि मधे फारसे काही नाही, अशा अवस्थेत घाबरलेला शिपाई एका उडीत गोळीपर्यंत पोचतो. ही गोळी बनली युद्धभूमीसाठी, दाट वस्तीच्या गल्लीसाठी नव्हे. ढाल, हेल्मेट, संरक्षक जाकीट, अश्रुधूर यांना आपण पोलिसांच्या बचावाची साधने समजतो. दगड अंगावर झेलण्याची हिंमत ज्या पोलिसाला ती देतात, तोच गोळी थोपवून धरू शकतो. म्हणून ती जमावाच्याही बचावाची साधने आहेत.

अर्थात साधन हाती असणे आणि ते वापरता येणे यात फरक आहे. अश्रुधुराला वाऱ्याची दिशा लागते. अरुंद गल्लीत वारा फिरला आणि मुखवटा नसला तर तोच धूर पोलिसांच्या डोळ्यांत जातो. ढालींची फळी सरावाशिवाय टिकत नाही. गच्चीवरून येणाऱ्या दगडापुढे छातीसमोर धरलेली ढाल निरुपयोगी ठरते. जमावाला पळायला एक वाट मोकळी ठेवायची आणि एकट्या-दुकट्याने पुढे घुसायचे नाही, हे दंगाकाबू सरावातले साधे नियम. पण ते अंगात मुरायला सराव घडावा लागतो.

कायद्याची चौकटही तितकीच नेमकी आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४८ नुसार बेकायदा जमावाला पांगण्याचा हुकूम कार्यकारी दंडाधिकारी, ठाण्याचा प्रभारी अधिकारी किंवा तो नसल्यास उपनिरीक्षक व त्यावरील दर्जाचा अधिकारी देतो. शिपायाला स्वसंरक्षणाचा हक्क आहे, हुकमाचा नाही. वॉकीटॉकी बंद पडली किंवा साहेब दुसऱ्या टोकाला अडकले, की शिपायाने काय करायचे? याचे उत्तर बंदोबस्ताला निघण्यापूर्वीच्या सूचनांत मिळाले नाही, तर ते त्याला दगडांच्या वर्षावात एकट्याने शोधावे लागते.

पहिला तास

शीघ्र कृती दल ७ ऑक्टोबर १९९२ पासून कार्यरत आहे. त्याची १०२ वी तुकडी तळोजाला आहे. राज्य राखीव पोलीस दलही मदतीला येते. पण कुमक येईपर्यंतचा पहिला तास स्थानिक ठाण्याचाच असतो आणि तो आधीच्या अंदाजावर उभा असतो.

११ ऑगस्ट २०१२ रोजी मुंबईच्या आझाद मैदानावर हा अंदाज फसला. आसाम आणि म्यानमारमधील हिंसाचाराच्या निषेधाची ती सभा. जमाव अपेक्षेच्या कितीतरी पट निघाला. गाड्या जळाल्या, अमर जवान स्मारकाची नासधूस झाली, पोलिसांची शस्त्रे हिसकावली गेली, महिला पोलिसांचा विनयभंग झाला. दोघे मेले. पन्नासहून अधिक जखमींमध्ये बहुसंख्य पोलीसच होते. पोलीस आयुक्त अरूप पटनाईक यांनी संयम पाळला. त्यावर टीका झाली आणि त्याच महिन्यात त्यांची बदली झाली. माझ्या मते त्या गर्दीत बेछूट गोळीबार झाला असता, तर मृतांचा आकडा दोनवर थांबला नसता. पण संयमाची किंमत शिपायांनी, त्यातही महिला शिपायांनी चुकवली, कारण गर्दीच्या मानाने त्यांना पुरेसे बळ आणि पुरेशी आगाऊ माहिती मिळाली नव्हती.

थकव्याचाही हिशेब यात धरायला हवा. बारा-चौदा तास उभ्या असलेल्या माणसाची नजर मंदावते आणि राग लवकर चढतो. मे २०१६ मध्ये देवनार पोलीस ठाण्यात आठ तासांच्या पाळीचा प्रयोग सुरू झाला, त्यामागची कल्पना एका शिपायाची होती. वरकरणी ही सोयीची गोष्ट, पण बंदोबस्ताच्या दिवशी तिचे मोल एखाद्या हेल्मेटहून कमी नाही.

आपल्या भागातल्या ठाण्याला विचारावेत असे प्रश्न त्यामुळे साधेच आहेत. शेवटचा दंगाकाबू सराव कधी झाला? ढाली गोदामात आहेत की गाडीत? महिला शिपायांच्या मापाची जाकिटे आहेत का? बीटवरचा शिपाई मोहल्ल्यातल्या किती जणांना नावाने ओळखतो? दंगलीनंतर असेच प्रश्न चौकशी आयोग विचारतो, तेव्हा उत्तर देणाऱ्यांत काही जण उरलेले नसतात. गणपती-मोहरमच्या आधी विचारले, तर उत्तर फार स्वस्तात मिळते.