खरेदीचा पस्तावा : शब्दकोड्यातील तीन उत्तरे

'आडवा शब्द, पाच अक्षरे : पस्तावा देणारी खरेदी.' इंग्रजी शब्दकोडी नेहमी सोडवणारा माणूस अशा संकेतापुढे फार वेळ अडत नाही. पाच चौकोनांत तो 'लेमन' लिहून मोकळा होतो. लेमन म्हणजे लिंबू. पण अमेरिकेच्या बोलीत सदोष निघालेली वस्तू, विशेषतः मोटार, म्हणजेही लेमनच.

२१ डिसेंबर १९१३ रोजी 'न्यूयॉर्क वर्ल्ड' या दैनिकात आर्थर विन यांचे पहिले शब्दकोडे छापले गेले. तेव्हापासून फसलेल्या खरेदीला या कोड्यांत अनेक उत्तरे मिळाली. त्यांतली तीन आपल्या घरखर्चाच्याही कामाची आहेत. कारण प्रत्येकात पस्ताव्याचे कारण वेगळे आणि उपायही वेगळा.

पहिले उत्तर : लिंबू

इथे दोष आत लपलेला असतो. अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकर्लोफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजारावर एक निबंध लिहिला. गाडीचे खरे रूप विकणाऱ्याला माहीत असते, घेणाऱ्याला नाही. म्हणून घेणारा भीतीपोटी मधलीच किंमत देऊ करतो. चांगल्या गाडीच्या मालकाला ती परवडत नाही, तो बाजारातून निघून जातो आणि मागे लिंबेच उरतात. म्हणजे लबाडीचा फटका प्रामाणिक विक्रेत्यालाही बसतो. तीन नियतकालिकांनी नाकारलेल्या या निबंधाच्या लेखकाला २००१ साली नोबेल मिळाले.

अमेरिकेत कनेक्टिकट राज्याने १९८२ मध्ये यावर कायदाच केला. त्याचे नावही 'लेमन लॉ'. इस्लामी फिकहमध्ये हा प्रश्न कितीतरी आधी 'खियार-ए-ऐब' या नावाने हाताळला गेला आहे. मालातला ऐब सांगणे ही विकणाऱ्याची जबाबदारी. विक्रीआधीचा लपलेला ऐब नंतर उघड झाला, तर सौदा मोडण्याचा हक्क घेणाऱ्याला.

आपल्याकडे गाड्यांसाठी असा वेगळा कायदा नाही. पण ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ आहे. पावतीवर 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' असे छापले, तरी सदोष मालाची जबाबदारी दुकानदाराला झटकता येत नाही. पावतीत मुदत दिली नसेल, तर ३० दिवसांत असा माल परत घेऊन पैसे देण्यास नकार देणे ही या कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा ठरते.

दुसरे उत्तर : पोत्यातली मांजर

न पाहता केलेल्या खरेदीला जर्मन लोक 'पोत्यातली मांजर घेणे' म्हणतात. ससा समजून पोते घ्यायचे, घरी उघडले की आत मांजर! आज पोत्याच्या जागी खोके आले आहे. महागडी वस्तू ऑनलाइन मागवली, तर शक्य असल्यास डिलिव्हरी देणाऱ्यासमोरच उघडावी. नाहीतर खोके उघडतानाचा व्हिडिओ काढून ठेवावा. जुनी गाडी घेताना ओळखीचा मेकॅनिक सोबत न्यावा आणि कागदपत्रे पैसे देण्याआधी पाहावीत.

तिसरे उत्तर : पांढरा हत्ती

हा शब्द मराठीतही रुळला आहे. सयामचा राजा नावडत्या दरबाऱ्याला पांढरा हत्ती भेट देई आणि त्याला पोसता पोसता दरबारी कंगाल होई, अशी आख्यायिका आहे. इथे वस्तूत खोट नसते, म्हणून कायदाही मदतीला येत नाही. स्वस्तात मिळालेल्या प्रिंटरची शाई, पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्राचे फिल्टर, एसीचे वीजबिल : खरी किंमत दर महिन्याला द्यावी लागते. वस्तू घेण्याआधी तिचा वर्षाचा खर्च कागदावर मांडावा आणि घरात सर्वांनी मिळून तो पाहावा.

लिंबू मात्र कितीही जपले तरी वाट्याला येऊ शकते. तेव्हा गप्प बसू नये. पावती आणि वॉरंटी कार्ड एका पाकिटात ठेवावे, दुकानदाराला तक्रार लेखी द्यावी, दाद मिळाली नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करावा. त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग आहेच. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांत तिथे जाता येते, आणि दुकान दुसऱ्या शहरात असले तरी आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार दाखल करता येते.