डोकं चालवा, भांडवल नंतर!



कुठल्याही बचत गटांच्या प्रदर्शनात एक फेरी मारून बघा. पहिल्या स्टॉलवर पापड, लोणचं, कुरडया. दुसऱ्यावर लोणचं, कुरडया, पापड. तिसऱ्यावरही तेच. गिऱ्हाईक पहिल्या स्टॉलवर घेतं आणि बाकीच्यांकडे नुसतं बघून पुढे जातं. संध्याकाळी आपण माल परत बांधतो आणि म्हणतो, "यंदा विक्रीच नाही." हप्ता मात्र ठरलेल्या तारखेला भरावाच लागतो.

अशा वेळी कोणीतरी सांगतं, "काहीतरी नवीन करा." म्हणजे नेमकं काय करायचं, हे कोणी सांगत नाही. आपल्याला वाटतं, नवीन सुचणं हे शिकलेल्यांचं काम, त्याला मशीन लागतं, मोठं कर्ज लागतं. तसं नाही. नवं सुचण्याची सवय लावून घेता येते. ती कशी लावायची, ते आज बघू.

अडचण नीट ओळखा

लिज्जत पापड सगळ्यांना माहीत आहे. 15 मार्च 1959 ला मुंबईत गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर सात बायकांनी ते काम सुरू केलं. भांडवल होतं 80 रुपये, तेही उसने. पहिल्या दिवशी चार पाकिटं झाली. त्या सातजणींपैकी जसवंतीबेन पोपट यांना पुढे 2021 साली पद्मश्री जाहीर झाली. एवढं आपण ऐकलेलं असतं. पण मधली एक गोष्ट फारशी कोणी सांगत नाही.

पहिल्याच वर्षी पावसाळा आला आणि काम चार महिने बंद पडलं. ऊन नाही तर पापड वाळणार कसे? दुसऱ्या वर्षी त्यांनी एक खाट आणली आणि एक स्टोव्ह आणला. पापड खाटेवर पसरले, खाली स्टोव्ह पेटवला. पावसातही पापड वाळायला लागले!

यात मोठं शास्त्र नव्हतं. खाट आणि स्टोव्ह तेव्हाही घरोघर होते. पण आधी त्या म्हणत होत्या, "ऊन नाही." मग त्यांनी विचार केला, पापडाला नक्की काय हवं? त्याला हवी असते ऊब, आणि ऊब उन्हाशिवायही मिळते. प्रश्न बदलला तसं उत्तर सापडलं.

आपणही हेच करायचं. "विक्री होत नाही" ही अडचण फार मोघम झाली. पाकीट मोठं आहे का? भाव जास्त वाटतो का? कसं वापरायचं ते गिऱ्हाइकाला कळत नाही का? की आपण चुकीच्या वेळी, चुकीच्या जागी बसतो? नेमकं कुठे अडलंय ते कळलं, की अर्धं काम झालं.

रोजचंच, पण निरखून बघा

चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे तिसरीपर्यंत शिकलेले शेतकरी. 1983 साली आपल्या भाताच्या शेतात त्यांना काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्यांनी त्या बाजूला काढल्या, जपून ठेवल्या आणि पुढच्या वर्षी थोड्याशा जागेत वेगळ्या लावल्या. त्यातून तयार झाला तो एचएमटी तांदूळ. आज तो दूरदूरच्या बाजारात विकला जातो. पीक सगळेच कापतात. दादाजींनी ते निरखून बघितलं, आणि बघून झाल्यावर थोड्या जागेत करूनही बघितलं.

आता आपल्या माणिकपूरकडे बघा. गावठाणाला लागून इमारती उभ्या राहिल्या. वसई रोड स्टेशनातून रोज सकाळी हजारो बायका लोकलने कामाला जातात आणि अंधार पडल्यावर परततात. त्या बाईला किलोभर मसाला नको असतो. तिला दोन वेळच्या कालवणापुरता हवा असतो, आणि कालवण कसं करायचं तेही कोणी सांगितलं तर बरं वाटतं. तिला मेथी निवडायला वेळ नसतो. आपण मात्र सकाळी दहाला, ती ऑफिसात असताना, भाजीची जुडी घेऊन बसतो. बाटली मसाला तोच ठेवा. लहान पाकीट करा, आत चार ओळींची कृतीची चिठ्ठी टाका आणि विक्रीची वेळ संध्याकाळची करून बघा. नवं करण्यासाठी दरवेळी नवी वस्तूच शोधावी लागते असं नाही. माप, वेळ, जागा, बांधणी, यातलं एक जरी बदललं तरी ते नवंच.

वाया जाणाऱ्यातून वाट

आपल्या वसईची सुकेळी घ्या. पिकलेलं केळं चार दिवसांत काळं पडतं. तेच राजेळी केळं सोललं, उन्हात वाळवलं, की महिनोन्‌महिने टिकतं आणि ताज्या केळ्यापेक्षा चांगला भाव मिळवतं. नासणारा माल टिकाऊ करायची ही अक्कल आपल्याच मातीतली आहे, बाहेरून शिकायला गेलो नाही.

मग आज तुमच्या घरात, वाडीत, गटाच्या कामात वाया काय जातं? कोकमाच्या बिया? न विकलेली फुलं? शिलाईच्या चिंध्या? की दुपारची रिकामी वेळ? एक यादी करा. सगळ्यातून धंदा होणार नाही, पण एखाद्यातून होईल.

आधी थोडं करून बघा

इथे आपली सगळ्यात मोठी चूक होते. कल्पना आवडली की लगेच कर्जाचा ठराव, लगेच मशीन. वर्षभरात मशीनवर धूळ बसते आणि हप्ता चालूच राहतो. म्हणून आधी थोडकं करायचं.

समजा, तुम्ही नव्या चटणीची 20 पाकिटं केली. सामानाला 600 रुपये आणि पाकिटांना 60 रुपये लागले. भाव ठेवला 50 रुपये. सगळी विकली तर 1000 रुपये आले, म्हणजे 340 रुपये उरले. पण 14 च विकली तर 700 आले, उरले फक्त 40 रुपये. आणि आठ तास काम केलं असेल, तर तासाला मजुरी पडली 5 रुपये! आपल्या बायका स्वतःची मजुरी धरतच नाहीत. ती धरा. मगच कळतं की धंदा होतोय की नुसती दमछाक.

न विकलेल्या सहा पाकिटांवर नाराज होऊ नका. ज्यांनी घेतलं त्यांना विचारा, "कशी वाटली?" आणि ज्यांनी घेतलं नाही त्यांनाही विचारा, "का नाही घेतली ताई?" तिखट झाली, महाग वाटली, पाकीट गळत होतं, जे सांगतील ते वहीत लिहा. एक गोष्ट बदला आणि पुन्हा 20 च करा. दोन-तीन फेऱ्यांनी मजुरी सुटायला लागली, मग कर्जाचं बोला. खाण्याचा माल विकायचा असेल तर अन्नसुरक्षेची नोंदणीही करून घ्या.

कल्पना मारू नका

गटात कोणी नवीन बोललं, की दोन वाक्यं हमखास येतात. "आपल्याकडे हे चालत नाही" आणि "हिला काय कळतंय?" त्यानंतर ती बाई पुन्हा तोंड उघडत नाही. बहुतेक वेळा ती सून असते, किंवा गटात नवी आलेली. पण बाजारात, शाळेच्या दारात, स्टेशनवर तीच जास्त फिरलेली असते. म्हणून एक नियम करा: कल्पना सांगताना कोणी हसायचं नाही, अडवायचं नाही. आधी सगळ्या कल्पना लिहायच्या, निवड नंतर करायची.

पुढच्या मीटिंगचं काम

वसुली आणि हिशोब झाल्यावर 15 मिनिटं काढा.

1. प्रत्येकीने कामातली एकच अडचण सांगायची, पण नेमकी.
2. त्यातली एक सगळ्यांनी मिळून निवडायची.
3. माप, वेळ, जागा, बांधणी, सामान, यातलं काय बदलता येईल ते प्रत्येकीने सांगायचं. लिहिता येत नसेल तिचं दुसरीने लिहायचं.
4. 500 ते 700 रुपयांत होईल असा एक प्रयोग ठरवायचा. कोण करणार आणि कधीपर्यंत, तेही लिहायचं.
5. महिन्याने खर्च, विक्री, मजुरी आणि गिऱ्हाइकाचं म्हणणं सगळ्यांसमोर वाचायचं.

प्रयोग फसला तरी वाचायचा. 700 रुपयांत जे कळलं, ते 70 हजारांचं कर्ज काढून कळण्यापेक्षा केव्हाही बरं, नाही का?