विश्लेषण : पुरात लष्कर येते, पण त्याला बोलावते कोण?

शास्त्री आणि सोनवी या दोन नद्यांच्या संगमावर वसलेल्या संगमेश्वरला पूर नवा नाही. जुलैत पावसाने जोर धरला, की बाजारपेठेतले व्यापारी माल वरच्या फळीवर चढवू लागतात. पाणी आणखी चढले, की एकच प्रश्न विचारला जातो : 'मिलिटरी कधी येणार?' पण लष्कर स्वतःहून येत नाही. त्याला बोलवावे लागते. ते कोण बोलावते, आल्यावर कोणाचे ऐकते आणि त्याआधी गावाने काय करायचे, हे समजून घेऊ.

२०२१ मध्ये काय घडले?

२२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीच्या पुराने शेजारचे चिपळूण शहर बुडाले. रात्रीतून पाणी चढले. वीज गेली, मोबाइल बंद पडले, कोकण रेल्वे थांबली आणि मुंबई-गोवा महामार्गावरील वाशिष्ठी पुलाचा जोडरस्ता वाहून गेला. एनडीआरएफ, लष्कर, नौदल, हवाई दल आणि तटरक्षक दल असे सगळेच मदतीला उतरले. लष्कराच्या दक्षिण कमांडने 'ऑपरेशन वर्षा २१' हाती घेतले. त्यात औंध लष्करी तळावरील जवान आणि पुण्याचे बॉम्बे इंजिनीअर ग्रुपचे जवान होते. रत्नागिरी, कोल्हापूर आणि सांगली या तीन जिल्ह्यांत मिळून १५ पथके पाठवण्यात आली. मात्र पुण्याहून कोकणात यायचे, तर घाट उतरावाच लागतो आणि अतिवृष्टीत सर्वांत आधी दरड कोसळते ती घाटातच.

लष्कराला कोण बोलावते?

आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ नुसार प्रत्येक जिल्ह्यात आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण असते आणि जिल्हाधिकारी त्याचे अध्यक्ष असतात. गावातून तलाठी आणि पोलीस पाटील माहिती देतात. ती देवरुखच्या तहसील कार्यालयातून रत्नागिरीच्या जिल्हा नियंत्रण कक्षाकडे आणि तिथून मंत्रालयात जाते. स्थानिक यंत्रणा अपुरी पडते असे दिसले, की सैन्यदलांकडे मागणी नोंदवली जाते. कायद्याचे कलम ३५ केंद्र सरकारला भूदल, नौदल आणि हवाई दल तैनात करण्याचा अधिकार देते.

एनडीआरएफ म्हणजे लष्कर का?

नाही. एनडीआरएफ केंद्रीय गृह मंत्रालयाच्या अखत्यारीत येते आणि त्यातील जवान बीएसएफ, सीआरपीएफ यांसारख्या निमलष्करी दलांतून प्रतिनियुक्तीवर येतात. आपत्ती हेच त्यांचे काम आहे, तर लष्कराचे मूळ काम सीमेचे रक्षण. म्हणून आधी स्थानिक यंत्रणा, मग राज्याचे एसडीआरएफ आणि केंद्राचे एनडीआरएफ आणि शेवटी सैन्य असा क्रम असतो. राज्याच्या एसडीआरएफच्या तुकड्या धुळे आणि नागपूरला आहेत. दोन्ही ठिकाणे कोकणापासून लांब. त्यामुळे आता पावसाळ्याआधीच एनडीआरएफचे पथक चिपळूणला आणून ठेवले जाते.

आल्यावर हुकूम कोणाचा?

इथे दोन गोष्टी वेगळ्या आहेत. कुठे जायचे, आधी कोणाला काढायचे, धान्य कुठे पोहोचवायचे हे मुलकी प्रशासन ठरवते. ते काम कसे करायचे हे लष्करी अधिकारी ठरवतो. जवान तहसीलदाराच्या हाताखाली जात नाहीत. तहसीलदाराने सोपवलेले काम ते आपल्या अधिकाऱ्याच्या हुकमाने करतात. प्रशासन सावरले, की लष्कर परत जाते.

जगात काय नियम आहे?

संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकाराने १९९४ मध्ये 'ओस्लो मार्गदर्शक तत्त्वे' तयार झाली. परदेशी सैन्याची मदत हा शेवटचा पर्याय, ती आपद्ग्रस्त देशाने मागितलेली असावी आणि मदतकार्याचे नेतृत्व मुलकी हातात राहावे, हा त्यांचा गाभा. फेब्रुवारी २०२३ मधील तुर्कीच्या भूकंपानंतर भारताने 'ऑपरेशन दोस्त' राबवले. त्यात लष्कराच्या ६० पॅरा फील्ड हॉस्पिटलने इस्केंदेरुन येथे रुग्णालय उभारले, तर एनडीआरएफने ढिगारे उपसले.

ही सीमारेषा पुसली गेली तर काय होते, हे अफगाणिस्तानने दाखवले. तिथे परदेशी फौजा युद्धही करत होत्या आणि मदतही वाटत होत्या. त्यामुळे मदत संस्थांचे कर्मचारी आणि सैनिक यांत फरक करणे अवघड झाले. जून २००४ मध्ये 'डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स'चे पाच कर्मचारी मारले गेले. त्यानंतर या संस्थेने देश सोडला आणि लष्कराने मदतीचा वापर आपल्या हेतूसाठी केल्याची टीकाही केली.

खर्च कोण देते?

लष्कराची मदत नेहमीच मोफत नसते. हवाई दलाने वेगवेगळ्या आपत्तींत केलेल्या बचावकार्यापोटी केंद्राने २०२४ मध्ये केरळकडे १३२ कोटींहून अधिक रकमेची मागणी केली. वायनाडची दरड ताजी असताना आलेल्या या पत्रावरून मोठा वाद झाला.

संगमेश्वरसाठी याचा अर्थ काय?

बाहेरून येणाऱ्या जवानाकडे बोट असते, दोर असतो, प्रशिक्षण असते. नसते ती गावाची माहिती. कुठल्या वाडीत अंथरुणाला खिळलेले आजी-आजोबा आहेत, कुठे दिवस भरत आलेली बाई आहे, पाण्याला ओढ कुठे जास्त आहे, हेलिकॉप्टर उतरेल असे मैदान कोणते, हे गावालाच ठाऊक असते. ही यादी पोलीस पाटील आणि तलाठ्याकडे जूनमध्येच तयार असेल, तर पथक पोहोचल्यावर शोधाशोधीत तास जात नाहीत. नेटवर्क जाण्याआधी जिल्हा नियंत्रण कक्षाच्या १०७७ या क्रमांकावर कळवावे. किती माणसे अडकली, कुठे आणि ओळखीची खूण काय, एवढे तरी सांगावे. पथक येईपर्यंतचे पहिले काही तास गावाचेच असतात आणि त्या वेळी हाताशी असतो तो शेजारीच.