सैतान नेमका कुठे होता?

अकोल्याच्या मागच्या व्याख्यानानंतर एका गृहस्थांनी आम्हाला जिन्यात गाठलं. म्हणाले, "सर, पोट्टा रातभर सैतानाचं गानं आयकते. काय करा आता?" पोराच्या काळ्या शर्टावर 'ब्लॅक सॅबथ' असं नाव होतं म्हणे. "पुढच्या वेळी बोलू," असं म्हणून आम्ही निसटलो. आज इथे अमरावतीत ते समोर बसले आहेत, तेव्हा बोलायलाच हवं.

निसटण्याला कारण होतं. १९८९च्या सुमारास, एका वसतिगृहाचे रेक्टर असताना, आम्ही एका मुलाची याच बँडच्या पहिल्या अल्बमची कॅसेट जप्त केली होती. वरचं चित्र पाहिलं, नाव वाचलं, निकाल दिला. ऐकली मात्र नाही. सकाळच्या तासाला हेच गृहस्थ, म्हणजे आम्ही, पुराव्याशिवाय अनुमान करू नये असं शिकवत होतो.

तर प्रश्न असा. एखाद्या गाण्याला सैतानी म्हणताना तो सैतान आपल्याला सापडतो कुठे? चित्रात, शब्दांत की सुरात?

आधी चित्र. हा अल्बम इंग्लंडमध्ये १३ फेब्रुवारी १९७० ला निघाला. त्या दिवशी शुक्रवार होता. तेरा तारखेचा शुक्रवार तिकडे अशुभ मानतात. वेष्टणावर जुनी पाणचक्की आणि काळ्या वस्त्रातली बाई. आत उलटा क्रूस छापलेला, आणि तो कंपनीने बँडला न विचारता टाकला होता. अर्थात ही चार पोरंही अगदी भोळी नव्हती. भीतीपटाला लोक पैसे देऊन रांगा लावतात, मग भीतीचं संगीत का नको, असा त्यांचा हिशोब. बँडचं नावही एका भीतीपटाचंच. नावाचं काय हो, मुंबईत 'डेमॉनिक रिसरेक्शन' नावाचा मेटल बँड आहे; त्याने २०१७ साली अल्बम काढला तो 'दशावतार', विष्णूच्या अवतारांवर!

शब्दांकडे या. शीर्षकगीतातल्या माणसाला समोर काळी आकृती दिसते, तो घाबरतो आणि देवाचा धावा करतो. आजी भुताची गोष्ट सांगते म्हणून ती भुताची पूजा करते का? दुसऱ्या एका गाण्यात सैतान प्रेमात पडतो. बस, एवढंच. सगळं मेटल निर्मळ आहे असं मात्र आम्ही म्हणत नाही. नॉर्वेत १९९०च्या दशकात काही मेटल वादकांनी खरोखर चर्च जाळली आणि त्यांना शिक्षाही झाल्या. म्हणूनच पोरगा नेमकं काय ऐकतो ते बघावं लागतं. सगळ्यांना एकच शिक्का चालत नाही.

आता सूर. खरी गंमत इथे आहे. शीर्षकगीतात गिटार तीनच स्वर वाजवते. आपल्या भाषेत सांगायचं तर खालचा सा, वरचा सा आणि मग मधला तीव्र मध्यम. सा ते तीव्र मध्यम या अंतराला युरोपातल्या जुन्या शास्त्रकारांनी 'संगीतातला सैतान' म्हटलं. चर्चने त्यावर बंदी घातली होती असं सांगतात, ती दंतकथा. पण नाव चिकटलं ते चिकटलं.

आणि आपल्याकडे? यमनमध्ये हाच तीव्र मध्यम रोज संध्याकाळी गायला जातो. संगीत शिकणाऱ्या पोरीला पहिल्या वर्षीच यमन देतात! भातखंड्यांनी तर मध्यमाला अध्वदर्शक स्वर म्हटलं, म्हणजे वाट दाखवणारा; तीव्र मध्यम आला की सांज होत आली असं समजायचं. उस्ताद अमीर खाँसाहेबांचा मारवा ऐका. त्यातही हाच स्वर आहे, अस्वस्थ करणारी हुरहूर आहे, पण तिला कोणी सैतान म्हणत नाही. कानाला ताण जाणवतो, हे खरं. त्या ताणाला सैतान म्हणायचं की सांजवेळ, हे कान ठरवत नाही. ते आपण शिकलेलं असतं.

मग तो जड, खरखरीत आवाज आला कुठून? बर्मिंगहॅमच्या कारखान्यातून. गिटारवादक टोनी आयोमी सतराव्या वर्षी पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. नोकरीच्या शेवटच्या दिवशी यंत्रात त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात तोच. त्याने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, तारा हलक्या लावल्या, पुढे त्या सैलही केल्या. आपल्याकडे जिनिंगमध्ये किंवा अकोल्याच्या सावतराम मिलमध्ये ज्यांनी पाळ्या केल्या, त्यांना हा आवाज आमच्यापेक्षा लवकर ओळखू येईल.

आम्ही तो ऐकला गेल्या वर्षी, नातवाच्या फोनवर. त्या मुलाने कॅसेट परत मागितली नाही आणि आम्हीही दिली नाही. ती अजून आमच्या कपाटात आहे. तो आता पन्नाशीच्या पुढे असेल.

तर काका, घरी पोराशेजारी बसून एकदा ऐका. त्याआधी इथे सगळेच ऐकू. सहा मिनिटांचं आहे. सुरुवातीला नुसता पाऊस आणि घंटा ऐकू येईल. स्पीकर बिघडला असं समजून उठू नका.