थांबलेल्या दगडावरचं शेवाळ

शहापूरच्या माहुलीखाली, मुरबाडच्या सिद्धगडाखाली सुट्या दगडांचे उतार आहेत. डोंगर भटकणारे त्याला घसारा म्हणतात. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा हा काळा पाषाण. त्याच्या भेगांत पाणी मुरतं, उन्हात तो तापतो, रात्री निवतो आणि कड्याचे तुकडे सुटून खाली येतात. मोठे धोंडे घरंगळत तळ गाठतात, बारीक चुरा वर राहतो. उतार साधारण 30 ते 35 अंशांचा असला की दगड जेमतेम टेकून राहतात. धक्का लागला की पुन्हा निघाले.

इथे माती कमी, हे खरंच. पण त्याहून मोठी अडचण म्हणजे पायाखालची जमीनच हलती. म्हणून ज्या दगडावर शेवाळाचा जाड थर दिसेल, तो काही पावसाळे तरी जागचा हललेला नाही, असं खुशाल समजावं.

या शेवाळाला खरी मुळं नसतात, केसांसारखे तंतू नुसती पकड धरतात. पानं बहुधा एका पेशीच्या जाडीची. पाणी थेट त्यांतूनच आत येतं आणि तसंच उडूनही जातं. फेब्रुवारीत ते तपकिरी, चुरगळलेलं दिसतं, पण मेलेलं नसतं. पाणी गेल्यावर पेशींतल्या शर्करा नाजूक पटलं सांभाळतात. पहिल्या सरीनंतर काही मिनिटांत पानं उलगडतात. मला तरी सह्याद्रीतली ही सर्वांत विलक्षण गोष्ट वाटते. ट्रायपोगॉन या बुटक्या गवतालाही हे साधतं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या अभ्यासकांनी पश्चिम घाटातल्या अशा, सुकून पुन्हा जगणाऱ्या 62 संवहनी वनस्पतींची यादी केली आहे. त्यांतल्या 16 भारताबाहेर आढळत नाहीत.

शेवाळात धूळ आणि चुरा अडकतो, ओल टिकते. तिथे कुसळी गवताचं बी येऊन पडतं. त्याचं लांब कुसळ ओलं-कोरडं होताना पीळ सोडतं, पुन्हा घेतं आणि टोकदार बी स्क्रूसारखं आत शिरतं. मग गवताची झुपकेदार मुळं चुरा बांधून ठेवतात. तेरडा, सोनकी, कारवी यांची पाळी त्यानंतरची.

वणव्यात कुसळीचा वरचा भाग जळला तरी बुंधा बहुधा वाचतो आणि पावसात पुन्हा फुटतो. शेवाळाचा थर जळला, तर त्याने धरलेली माती पावसात वाहून जाते. मला मात्र उतरताना मळलेली वाट सोडून थेट घसाऱ्यावरून जाणाऱ्यांची जास्त काळजी वाटते. त्या पावलांनी दगड उलटतो, शेवाळाची बाजू अंधारात जाते आणि वर येते ती कोरी बाजू.